घरच्या मशीनवर दणकट पँट शिवायची तर आधी आसनाचं बघा

काही वर्षांपूर्वी हरिहर गडाच्या त्या उभ्या पायऱ्या चढताना माझी रेडीमेड ट्रेकिंग पँट मधोमध टरकन फाटली. पँट तशी नवीनच होती आणि कापडही जाड होतं, त्यामुळे फाटली कशी तेच कळेना. घरी आल्यावर आईने पँट उलटी केली, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "अगं, कापडाला काही झालेलं नाही, दोरा तुटलाय. माया कुठे ठेवलीये ह्यात?" माया म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडलेलं जास्तीचं कापड, शिवणकाम करणाऱ्यांना माहीत असतंच पण नवीन लोकांसाठी सांगितलं. त्या पँटला जेमतेम पाव इंच माया होती, एकच टीप होती आणि आसन इतकं तंग कापलेलं की पाय उंच उचलला की सगळा ताण त्या एका दोऱ्यावर. आसन म्हणजे दोन पायांच्या मध्ये जिथे चार शिवणी एकत्र येतात तो भाग.

तेव्हापासून मी माझ्या पँट घरीच शिवते, आईच्या पायाच्या काळ्या मशीनवर, आणि आता घरातल्या बाकीच्यांच्याही शिवते. ज्यांनी उशीच्या खोळी, पिशव्या एवढंच शिवलंय त्यांना सुद्धा हे जमतं. सरळ टीप मारता यायला पाहिजे आणि दोन रविवार हाताशी पाहिजेत, बस. नुसत्या जाड कापडाने पँट दणकट होत नाही, आसनात जागा आणि शिवणीला डबल टीप असेल तर साधं कापडही वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून खाली त्या दोन गोष्टींवर मी जास्त वेळ घालवणार आहे.

कापड घेताना

दुकानात जाऊन कॉटन ड्रिल मागा. शाळेच्या युनिफॉर्मची खाकी पँट ज्याची असायची तेच. जवळून बघितलं की तिरप्या रेघा दिसतात, ह्या विणीला ट्विल म्हणतात, डेनिमची वीण पण हीच. साध्या विणीपेक्षा ह्यात धागे जास्त दाटीने बसतात म्हणून कापड भरीव होतं आणि तरी अंगावर वळतं. वजन २५० ते ३०० जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटरला इतके ग्रॅम) आसपास असलेलं घ्या. डेनिम हवंच असेल तर १० औंसपर्यंत ठीक, म्हणजे साधारण ३४० जीएसएम, त्याच्यापुढचं जाड डेनिम घरच्या मशीनवर पहिल्याच वेळी घेऊ नका, कारण शिवणी एकमेकींवर येतात तिथे दहा-बारा थर होतात आणि सुई जातच नाही. पुण्यात रविवार पेठ किंवा मुंबईत मंगलदास मार्केटमध्ये असं कापड ताग्यावरून कापून मिळतं, पण तालुक्याच्या गावातसुद्धा युनिफॉर्मच्या दुकानात ड्रिल असतंच. दुकानदार प्युअर कॉटन म्हणाला तरी कडेचा एक धागा मागून घ्या आणि घरी जाळून बघा, कॉटन असेल तर कागदासारखा वास येऊन मऊ राख होते, पॉलिस्टर असेल तर वितळून टोकाला कडक गोळी होते. थोडं पॉलिस्टर मिक्स असलं तर बिघडत नाही, लवकर वाळतं उलट, फक्त उन्हाळ्यात गरम होतं.

आणि हो, जाड्याभरड्या कापडाच्या कपड्यांना डंगरी म्हणतात ना, तो शब्द मुंबईच्या डोंगरीवरून आलाय. तिथल्या जाड सुती कापडाला डुंगरी म्हणायचे, ते इंग्रजांनी उचललं आणि डंगरी होऊन परत आपल्याकडे आलं. मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.

किती घ्यायचं ते पन्ह्यावर, म्हणजे कापडाच्या रुंदीवर आहे. ५८ इंच पन्हा असेल आणि सीटचं, म्हणजे कुल्ल्यांवरून घेतलेलं माप ४० इंचांपर्यंत असेल तर पावणेदोन मीटरमध्ये खिसे, गुडघ्याचे तुकडे सगळं बसतं. ३६ पन्हा असेल तर पावणेतीन मीटर. सीट ४० च्या वर असेल तर मोठ्या पन्ह्यातही एका लांबीत पुढचा-मागचा भाग शेजारी शेजारी बसत नाहीत, अडीच मीटर घ्या.

आता घरी आणल्यावर सगळ्यात आधी कापड धुवा!! हे टाळू नका. कॉटन पहिल्या धुण्यात आटतं, मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर सहज जातात, आणि शिवून झाल्यावर आटलं तर पँट घोट्याच्या वर जाते आणि आसन परत तंग. कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, रंगीत असेल तर एकटंच, सावलीत वाळवा, थोडं ओलसर असतानाच इस्त्री करा.

सामान

सुई १६ नंबरची, आणि नवीन. जुन्या सुईचं टोक बोथट झालेलं असतं, जाड कापडात ती टाके सोडते आणि आपण मशीनला दोष देत बसतो. बसवताना जुनी सुई कशी होती, चपटी बाजू कुठे होती ते बघूनच नवी लावा. दोरा पॉलिस्टरचा घ्या, कॉटनचा नको, कॉटनचा दोरा घामाने आणि घासून लवकर जातो, आणि बॉबिनमध्येही तोच दोरा भरा, वर चांगला आणि खाली कुठलातरी उरलेला असं करू नका. दीड इंच रुंदीचं चांगलं इलॅस्टिक, नाडी, खडू, टेप, टाचण्या, खाकी कागद आणि उसवायचं हत्यार. इस्त्री जवळ तापलेली पाहिजे, प्रत्येक शिवणीनंतर लागते.

एका तुकड्यावर आधी टीप मारून बघा. कापडाच्या चार घड्या करून. टाका मोठा ठेवा, इंचाला आठ-नऊ टाके पुरतात, बारीक टाक्याने जाड कापडाला भोकंच भोकं पडतात. खालच्या बाजूला दोऱ्याचे वेटोळे दिसत असतील तर बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो किंवा वरचं टेन्शन सैल असतं. बॉबिनला हात लावायच्या आधी वरचा दोरा पूर्ण काढून परत ओवा.

पॅटर्न जुन्या पँटवरूनच काढा

फॉर्म्युल्याने ड्राफ्टिंग, म्हणजे मापांवरून कागदावर आखणी करता येते पण पहिल्या पँटला ते नको. आपल्या अंगाला छान बसणारी एक जुनी, टाकायला झालेली पँट घ्या आणि उसवा. फक्त एका पायाचा पुढचा आणि मागचा भाग मोकळा करायचा, दुसरा पाय तसाच ठेवा, म्हणजे कुठे काय जोडलेलं होतं ते शिवताना बघता येतं. पँट निवडताना दोन गोष्टी बघा: एक, ती लायक्राची म्हणजे ताणणारी नको, कारण ते कापड ताणून बसतं आणि आपलं ड्रिल अजिबात ताणत नाही, त्याच मापाची शिवली तर मांडीतून वर चढणार नाही. दोन, जीन्स नको, जीन्सला मागे वेगळी जोडपट्टी असते, साधी कॉटन पँट बरी.

उसवलेल्या भागांना इस्त्री करून खाकी कागदावर ठेवा आणि बाहेरून पेन्सिल फिरवा, हाच आपला पॅटर्न. मागचा भाग पुढच्यापेक्षा रुंद दिसेल आणि त्याचं आसनाचं टोक जास्त बाहेर आलेलं असेल, ते तसंच पाहिजे, चुकून सारखे करू नका. साधारण ४० सीटला पुढचं टोक २ इंच आणि मागचं ४ इंच बाहेर येतं. मागची कंबर पण मध्यभागी दीडेक इंच उंच असते, त्याच्यामुळेच खाली वाकल्यावर पँट मागून खाली सरकत नाही. पुढच्या भागात तिरका खिसा असेल तर तिथला कोपरा कापलेला असतो, तो कागदावर भरून काढायचा. चेनची जास्तीची पट्टी पुढे आलेली असेल तर ती सोडून द्यायची.

पहिल्या पँटला चेन लावू नका असं मी सगळ्यांना सांगते. चेन आणि पट्टा ह्यातच लोक अडकतात, कंटाळतात आणि कापड कपाटात जातं ते जातंच. त्याऐवजी नेफा करायचा, आत इलॅस्टिक आणि नाडी. त्यासाठी पॅटर्नमध्ये एक बदल लागतो: सीटपासून कंबरेपर्यंत कडेची रेघ आत वळलेली असते ती सरळ वर न्या, नाहीतर पँट सीटवरून वर चढणारच नाही. चारी भागांची वरची रुंदी (माया सोडून) मिळून सीटच्या मापापेक्षा निदान इंच-दोन इंच जास्त भरली पाहिजे. मग नेफ्यासाठी वर सव्वादोन इंच वाढवा, खाली मोरीला, म्हणजे पायाच्या तोंडाला दोन इंच. कडेला पाऊण इंच माया, बाकी सगळीकडे अर्धा इंच. जुन्या पँटची माया कागदावर आलीये का नाही ते नीट बघा, दोनदा माया धरली की पँट ढगळ होते आणि विसरली की होतच नाही.

मग जुन्या चादरीची किंवा मांजरपाटाची एक कच्ची पँट शिवा. नुसती मोठ्या टाक्यांनी, नेफ्याच्या जागी दोरी बांधून. घाला आणि उकिडवं बसा. मग मांडी घालून बसा. मग एक पाय खुर्चीवर ठेवून चढायचा प्रयत्न करा. उकिडवं बसल्यावर मागून कंबर खाली ओढली गेली तर मागची उंची कमी आहे, इंचभर वाढवा. उभं असताना आसनापासून पुढे मांडीवर ओढल्यासारख्या तिरप्या सुरकुत्या पडल्या तर पुढचं टोक तोकडं आहे, अर्धा इंच बाहेर काढा. हा अर्धा दिवस वाया गेला असं वाटतं, पण चांगलं कापड कापून बसल्यावर जी रडारड होते त्यापेक्षा परवडलं.

तो डायमंड

आता मुख्य गोष्ट. साध्या पँटमध्ये चार शिवणी एकाच बिंदूवर येतात आणि पाय फाकला की त्या बिंदूवरच ओढ येते. तिथे डायमंडच्या आकाराचा एक तुकडा बसवला की तो बिंदूच राहत नाही, ताण तुकड्याच्या चार बाजूंवर वाटला जातो आणि पाय वर उचलायला जागा मिळते. खडक चढणाऱ्यांच्या पँटला हे असतं आणि पायजमे शिवणारे जुने शिंपी पण आसनात तुकडा घालायचे.

कागदावर एक आडवी रेघ साडेनऊ इंच, तिच्या बरोबर मध्यावर उभी रेघ ३ इंच, म्हणजे दीड वर, दीड खाली. टोकं जोडा. चारही बाजू ५ इंच भरतील, भरल्या नाहीत तर परत काढा. बाहेरून अर्धा इंच माया. हा तुकडा लांब टोकं दोन्ही पायांच्या आतल्या शिवणीत जातील असा बसतो आणि बुटकी टोकं पुढच्या आणि मागच्या आसनाच्या शिवणीला भिडतात.

कापताना

कापड उभं दुमडा, काठावर काठ. पॅटर्नच्या मधोमध कमरेपासून मोरीपर्यंत सरळ रेघ मारा आणि ती काठाला समांतर आहे का ते वर आणि खाली टेपने मोजा. तिरकं बेतलं तर धुतल्यावर पाय गोल फिरतो, शिवण नडगीवर येते. ट्विलमध्ये तर हे हमखास होतं. सगळे भाग एकाच दिशेने ठेवा, एक उलटा ठेवला की उन्हात रंग वेगळा दिसतो. दोन पुढचे, दोन मागचे, डायमंड एक, मागचे खिसे दोन, मांडीवर मोबाईलचा खिसा हवा असेल तर एक, गुडघ्याचे तुकडे दोन.

शिवायला घ्या

खिसे आणि गुडघे आधी, पाय जोडायच्या आधी, कारण आत्ता सगळं सपाट आहे. नंतर नळीत हात घालून खिसा शिवणं हा त्रास आहे. खिशाचं वरचं तोंड दोनदा दुमडून टीप, बाकी तीन बाजू अर्धा इंच आत दुमडून इस्त्री, मग पँटवर ठेवून कडेने एक टीप आणि पाव इंच आत दुसरी. वरच्या दोन कोपऱ्यांवर सगळा भार येतो, हात घालताना तिथूनच फाटतं. १८७३ साली अमेरिकेत जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने आणि लिव्हाय स्ट्रॉसने मिळून ज्याचं पेटंट घेतलं ते हेच, कोपऱ्यांवर तांब्याची रिव्हेट, म्हणजे चपट्या डोक्याची छोटी खिळी ठोकायचं. आपल्याकडे रिव्हेट नाही तर कोपऱ्यात छोटा त्रिकोण शिवा आणि त्याच्यावरून पुढे-मागे तीन-चार वेळा टीप मारा, आणि आतून त्या जागी कापडाचा एक छोटा तुकडा धरा म्हणजे टीप दोन थरांवर बसते.

गुडघ्याचा तुकडा साधारण ८ बाय ११ इंचाचा. गुडघा कुठे येतो ते कच्ची पँट घालून खुणा करून ठेवा, आणि तुकडा त्या खुणेच्या वर कमी, खाली जास्त असा ठेवा, कारण गुडघा टेकला की पँट वर ओढली जाते आणि जमिनीला लागतं ते गुडघ्याच्या खालचं कापड. खालची बाजू पूर्ण शिवू नका, मध्ये थोडी मोकळी ठेवा, नाहीतर आत माती आणि कुसळं साठतात. शेतात काम करताना घालणार असाल तर हे लक्षात ठेवाच.

आता कडेच्या लांब शिवणी. पुढचा आणि मागचा भाग उलट्या बाजू आत ठेवून, हो उलट्या आत, सुलट बाहेर, पाऊण इंचावर टीप मारा. मग मागच्या भागाची माया पाव इंचापर्यंत कापा, पुढच्या भागाची माया तिच्यावर गुंडाळून आत दुमडा, चपटी करून मागच्या बाजूवर आडवी पाडा, इस्त्री आणि कडेने दुसरी टीप. कापडाची कडा आत बंद होते, दोन टिपा दिसतात, जीन्सवर असते तशी शिवण. अशी शिवण उसवत नाही. पहिल्यांदा वाकडी येईल, येऊ द्या, मजबुतीला फरक पडत नाही. आधी एका चिंधीवर करून बघा.

दोन्ही पायांच्या कडेच्या शिवणी झाल्या, आतल्या शिवणी नंतर, आता आसन. सुलट बाजू आत घ्या, दोन्ही पायांचे पुढचे भाग जोडा, मग मागचे, अर्ध्या इंचावर. खाली टोकाशी येताना शेवटचा अर्धा इंच शिवायचा नाही, तिथे थांबून पक्की गाठ, कारण तिथे डायमंड बसायचाय. वळणावरून जाताना कापड दोन्ही हातांनी किंचित ताणून धरा. आईने मला हे शिकवलं तेव्हा कारण कळलं नव्हतं. वळण तिरप्या धाग्यावर असतं, बसल्यावर ते ताणलं जातं, दोरा तेवढा ताणला नाही की तुटतो, ताणून शिवलं की दोऱ्याला ती ढील आधीच मिळालेली असते. तीच टीप परत एकदा त्याच रेषेवर. मग माया एका बाजूला पाडून सुलट बाजूने अजून एक.

डायमंड आधी पुढच्या बाजूला लावा. डायमंडचं बुटकं टोक आसनाच्या शिवणीच्या शेवटाला टाचणीने टोचा, तिथून एका पायाकडे ५ इंच शिवा, परत मध्यावर या आणि दुसऱ्या पायाकडे ५ इंच. मध्यापासून बाहेर, दोन वेळा वेगवेगळं. एका दमात इकडून तिकडे गेलात तर मध्ये चुणी पडते. मागची बाजू पण तशीच मध्यापासून बाहेर लांब टोकापर्यंत, आणि न थांबता पुढे पायाच्या आतल्या शिवणीवरून मोरीपर्यंत. लांब टोकाशी सुई कापडात ठेवूनच मशीनचा पाय (कापड दाबून धरतो तो) उचला, कापड वळवा, पाय खाली. चुणी आलीच तर तेवढंच उसवून परत करा, सोडून देऊ नका, हीच जागा आहे जिच्यासाठी एवढा खटाटोप केला. सगळीकडे दुसरी टीप. मग जवळच्या पिको-फॉलवाल्याकडे जाऊन आतल्या शिवणींना ओव्हरलॉक (कडेचे धागे सुटू नयेत म्हणून मारतात ती टीप) मारून आणा, दहा मिनिटांचं काम असतं.

जाड जागी मशीन अडतं तेव्हा पायाने जोर लावू नका, सुई तुटून डोळ्यात जायची भीती असते. चाक हाताने फिरवून एक एक टाका घ्या. मशीनचा पाय तिरका होत असेल तर त्याच्या मागे कापडाची घडी ठेवा म्हणजे तो सपाट बसतो. आणि शिवणीचा उंचवटा फारच असेल तर सरळ हातोडीने कापडाखाली फळी ठेवून ठोका, धागे चेपतात आणि सुई आरामात जाते.

नेफा: अर्धा इंच आत, मग पावणेदोन इंच आत, टाचण्या. त्याआधी पुढे मध्याच्या दोन्ही बाजूंना नाडीसाठी दोन काजं करा, आतून तुकडा लावून. इलॅस्टिक कंबरेपेक्षा तीन-चार इंच कमी, पण आधी टाचणी लावून घालून बघा, प्रत्येकाला वेगळं लागतं. इलॅस्टिक घातल्यावर कडेच्या शिवणींवर उभी टीप मारून ते पक्कं करा, नाहीतर धुताना आत पीळ पडतो. मोरी सगळ्यात शेवटी, जे बूट घालणार ते घालून उभं राहून लांबी ठरवा.

उरलेलं कापड टाकू नका. एक हातभर तुकडा पँटबरोबरच प्रत्येक वेळी धुवायला टाका, म्हणजे पँटचा रंग उतरेल तसा त्याचाही उतरतो, आणि दोन वर्षांनी कुठे ठिगळ लावायची वेळ आली तर ते लांबून ओळखू येत नाही.